सबैन की तिसैन? पीएचडीचा विषय कागदाला विचारा

निपाणीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "वय २७. एम.ए. इतिहास, ५७ टक्के. सगळं शिक्षण मराठी माध्यमातून, घरी आम्ही दखनी बोलतो. एका खासगी हायस्कूलमध्ये शिकवते. इस्लामचा इतिहास आणि विचार यावर पीएचडी करायची आहे. विषय सुचवला आहे: 'इस्लामचा इतिहास व तत्त्वज्ञान – एक चिकित्सक अभ्यास'. कुराण वाचता येतं, पण अर्थ लागत नाही. फारसी येत नाही. घरचे म्हणतात, हे मौलवींचं काम. कॉलेजातले सर म्हणतात, स्वतःच्याच धर्मावर कसलं संशोधन? मामांच्या घरी काझीपणाचा एक जुना कागद आहे, अर्धा मोडी, अर्धा फारसी, कुणालाच वाचता येत नाही. मामा तो लॅमिनेट करून भिंतीवर लावणार आहेत. सुरुवात कुठून करू?"

ताई, सुरुवात मामांना फोन करून करा. लॅमिनेशन नको म्हणावं. उष्णतेनं प्लास्टिक कागदात मुरतं ते पुन्हा निघत नाही, घडीच्या रेघांवर कागद आधीच मेलेला असतो तो आतल्या आत तुटतो, आणि मागच्या बाजूचे शेरे-शिक्के कायमचे दडून जातात. सेलोटेपही नको. धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीच्या दोन पदरांमध्ये ठेवून सपाट पेटीत, उन्हापासून लांब, एवढं पुरे. भिंतीवर लावायचा हट्टच असेल तर फोटोची प्रिंट लावा.

आता विषय. तुम्ही सुचवलेलं शीर्षक म्हणजे ग्रंथालयातलं एक अख्खं कपाट आहे. चौदाशे वर्षं, स्पेनपासून इंडोनेशियापर्यंत, त्यात कलाम (धर्मतत्त्वांची चर्चा), फिकह (धर्मशास्त्रीय कायदा), तसव्वुफ (सूफी विचार), तफसीर (कुराणावरची भाष्यं). समितीसमोर पहिलाच प्रश्न येतो: "तुमची साधनं कोणती?" उत्तरात इंग्रजी पुस्तकांची यादी आली की अर्ज तिथंच बसला. विषय आधी ठरवून मग साधनं शोधायला निघणं, हीच बहुतेकांची चूक. उलट करा. स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येतील असे कागद कोणते, ते आधी पाहा. शीर्षक त्यांच्यातून निघेल.

आणि तुमच्या मामांच्या घरी ते आधीच येऊन बसलं आहे. आदिलशाही अमलातले कितीतरी कागद दुभाषी आहेत: फारसी मजकूर आणि त्याला लागून मोडीतला मराठी मजकूर. तुमच्याकडचा कागद त्यातलाच असावा. मोडीतला भाग वाचायला लागलात की 'कारकुनानि हाल व इस्तकबाल', 'बिदानंद' अशा ओळी भेटतील. हे मराठीत बसलेलं फारसीच आहे: 'आताचे आणि पुढे येणारे कारकून', 'त्यांना कळावं'. शेवटी 'तालीक लिहून घेऊन असल परत द्यावी' अशा अर्थाचं वाक्य आलं, तर नक्कल ठेवून मूळ कागद वतनदाराला परत द्यायचा हुकूम आहे. म्हणूनच असे कागद सरकारी दफ्तरापेक्षा घराघरांत जास्त सापडतात.

तारखेची ओळ मात्र जवळून पाहा, कारण तिथंच भलेभले घसरतात. या कागदांवर बहुधा सुहूर सन असतो, आणि तो आकड्यांत नसून अरबी शब्दांत, एकं आधी अशा क्रमानं लिहिलेला असतो. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ. अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. 'खमस सबैन अलफ' म्हणजे ५ + ७० + १०००, म्हणजे १०७५. हे वर्ष सौर आहे आणि मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. १०७५ म्हणजे इ.स. १६७४-७५.

खोच अशी की फारसी बाजूला घाईच्या हातात नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गळतात. अरबी लिपीत शब्दाच्या मधे बे, ते, से, नून, ये ही पाचही अक्षरं म्हणजे एकच छोटा दात. खाली एक ठिपका तर बे, वर दोन तर ते, वर तीन तर से, वर एक तर नून, खाली दोन तर ये. सीन या अक्षराला स्वतःचे तीन दात. आता सबैन लिहा: सीनचे तीन, बेचा एक, पुढे ऐन हे अक्षर. तिसैन लिहा: तेचा एक, सीनचे तीन, पुढे ऐन. ठिपके काढून टाकले की दोन्ही शब्द चार दातांचे, हुबेहूब एक. म्हणजे ७० की ९० हे कळतच नाही, आणि कागद वीस वर्षं इकडे-तिकडे जातो. एकंस्थानी सबा आणि तिसाची हीच गत.

सोडवायचं कसं? एक तर मोडी बाजू पाहायची, तिथं 'सबैन' आणि 'तिसैन' यांत गोंधळ होत नाही. दुसरं, राज्य कुणाचं ते पाहायचं. १०७५ धरलं तर १६७४-७५, विजापूरच्या गादीवर सिकंदर आदिलशहा. १०९५ धरलं तर १६९४-९५. पण औरंगजेबानं विजापूर १६८६ मध्येच घेतलं. मग त्या कागदावर आदिलशाही शिक्का असेल तर तिसैन वाचणं शक्यच नाही. दोन्ही लिपी येणारा माणूस हे पाच मिनिटांत सांगतो. एकच येणारा चुकीची तारीख प्रबंधात छापून मोकळा होतो. फारसीचे जाणकार मोडीला हात लावत नाहीत, मराठ्यांच्या इतिहासातले बरेच जण फारसी बाजू 'वरीलप्रमाणे' समजून सोडून देतात. तुमची जागा या दोघांच्या मधे आहे.

मोगली कागद असेल तर हिशोब वेगळा. तिथं हिजरी आणि जुलूस, म्हणजे बादशहाचं राज्यवर्ष. औरंगजेबाचा जुलूस १६५८ पासून मोजतात, पण हिजरी वर्षांनी, तेव्हा ३० वा जुलूस म्हणजे १६८६-८७. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून त्यात ठरावीक आकडा मिळवून भागत नाही. अंदाजासाठी हिजरीला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा: १०९७ चं इ.स. १६८६ येतं. प्रबंधात घालताना मात्र जंत्रीवरून दिवस-महिना काढायचा. सुहूर १०७५ आणि हिजरी १०७५ यांत जवळजवळ दहा वर्षांचं अंतर आहे. कागदावर नुसता आकडा दिसला तर आधी सन कोणता ते ठरवायचं.

मग यात 'विचार' कुठे आला, असं तुम्ही म्हणाल. तिथंच तुमचा विषय आहे. हनफी फिकहचा, म्हणजे सुन्नी कायद्याच्या एका परंपरेचा, हिदाया हा ग्रंथ घ्या. बाराव्या शतकात मर्गीनानींनी लिहिलेला, हिंदुस्थानच्या मदरशांत शतकानुशतकं शिकवला गेलेला. त्यात काझीच्या कर्तव्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे: काझी कोण व्हावा, कसं बसावं, साक्ष कुणाची धरावी. मुसलमानाविरुद्ध बिगरमुसलमानाची साक्ष हनफी शास्त्र धरत नाही. आता परगण्यातला महजर, म्हणजे सभेत झालेल्या निवाड्याचा कागद, उघडा. मजलिशीत काझी आहे, त्याचा शिक्काही आहे, पण शेजारी देशमुख, देशपांडे, पाटील, बलुतेदार बसले आहेत. खाली सह्यांच्या जागी पाटलाचा नांगर, महाजनांचा तराजू अशा निशाण्या आहेत, आणि त्यांच्यातच मुलाणाही. हा निवाडा ग्रंथाचा, की गोतसभेचा, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या सभेचा? काझी तिथं न्यायाधीश आहे, की नोंदणी करणारा साक्षीदार? ग्रंथातला काझी आणि परगण्यातला काझी यांच्यामधलं अंतर मोजणं हाच इस्लामी विचाराचा इतिहास, आणि तो बगदादला न जाता निपाणी-हुक्केरीच्या पट्ट्यात बसून करता येतो.

शीर्षक साधारण असं: 'बेळगाव परिसरातील काझी वतन आणि महजर, इ.स. १६००–१७५०: शास्त्र आणि व्यवहार'. जागा, काळ, साधन, प्रश्न, चारही आले. पण एका कागदावर लेख होतो, प्रबंध होत नाही. छापील आणि अप्रकाशित मिळून निदान पन्नास-साठ महजर, खुर्दखतं (हुकुमाची पत्रं), सनदा जमतील अशी खात्री झाल्याशिवाय हे शीर्षक पक्कं करू नका. न जमल्यास दुसरा रस्ता दखनीचा. विजापूरच्या चिश्ती परंपरेतल्या बुऱ्हानुद्दीन जानम, अमीनुद्दीन आला यांच्या दखनी रचना, किंवा दळताना म्हणायची चक्कीनामे. त्यांत जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, म्हणजे अल्ला, अशी उभारणी असते. ज्यांना घरी दखनी ऐकून माहीत आहे त्यांना त्यातल्या क्रियापदांसाठी शब्दकोश उघडावा लागत नाही. लखनौच्या उर्दूवर वाढलेला अभ्यासक तिथं अडखळतो. तिसरा रस्ता श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या मराठी 'योगसंग्राम'चा, पण तिथं आधीच गर्दी आहे.

भाषांचं वेळापत्रक. कुराण वाचता येणं ही चांगली पुंजी आहे, पण तिची मर्यादा ओळखा. ती वाचनाची सवय नस्ख लिपीची, जबर-जेर-पेश लावलेल्या मजकुराची आहे. हस्तलिखितात स्वरचिन्हं नसतात, वळण नस्तालीकचं, कारकुनी कागदात शिकस्ता, म्हणजे मोडलेलं. म्हणून क्रम असा ठेवा: पहिले दोन महिने छापील उर्दू, रोज एक पान मोठ्यानं वाचून. दखनी बोलता, त्यामुळे अक्षरं बसली की अर्थ आपोआप येईल. मग फारसी, रोज तासभर, वर्षभर. फारसीत लिंगभेद नाही, क्रियापदं आटोपशीर, आणि शब्द तर मराठीनं आधीच घरात घेतले आहेत: दफ्तर, जमीन, कारखाना, फडणीस, खासगी. मोडी त्याच वर्षात रविवारी, तीन-चार महिन्यांत हात बसतो. महाराष्ट्राचं पुराभिलेख खातं आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. शिकस्ता सगळ्यांत शेवटी, आणि तेही छापील वाचन शेजारी ठेवून. त्यासाठी ग. ह. खऱ्यांचे 'ऐतिहासिक फारसी साहित्य'चे खंड आहेत, मंडळानंच काढलेले. वाचन झाकायचं, मूळ वाचायचं, मग उघडायचं.

अरबी पूर्ण शिकायचा अट्टहास आत्ता नको. तीन अक्षरी धातू ओळखून शब्दकोशात शब्द काढता येणं आणि हिदायाचं एक प्रकरण कुणा जाणकारासोबत ओळ न् ओळ वाचणं, एवढं या विषयाला पुरतं. ते वाचायला गावातल्या मदरशातले उस्ताद उत्तम. घरच्यांना हे सांगा, त्यांचा आक्षेप निम्मा तिथंच विरघळेल. सरांच्या आक्षेपाबद्दल फार लिहायची गरज नाही. वारकऱ्याच्या मुलीनं तुकोबांवर पीएचडी केली तर हा प्रश्न कुणी विचारत नाही.

कागद कुठे मिळतील? इथं सीमाभागातले विद्यार्थी हमखास एक फेरा वाया घालवतात. जिल्हा कर्नाटकात म्हणून थेट बेंगळुरू गाठतात. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. इनाम-वतनाची जुनी दफ्तरं म्हणून पुणे आणि मुंबईच्या पुराभिलेखागारांत शोधायची, आणि कोल्हापूर संस्थानाशी संबंधित गावांची कोल्हापुरात, जे तुम्हाला एसटीनं तासाभरावर आहे. मोगली कागदांसाठी हैदराबादचं राज्य अभिलेखागार, हस्तलिखितांसाठी तिथलंच सालारजंग संग्रहालय. विजापूरच्या आसार महालातली अरबी हस्तलिखितं १८५३ मध्ये लंडनला गेली, ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांची छापील सूची आधी चाळा, मग हळहळा. शिलालेखांसाठी पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी शाखा नागपूरला आहे, विजापूरचे शिलालेख १९३६ मध्येच छापून आले आहेत. बेळगावच्या किल्ल्यातल्या सफा मशिदीवरचा असदखानाचा फारसी लेख पाहायला जाल तेव्हा लक्षात ठेवा, किल्ल्याचा बराच भाग लष्कराकडे आहे. फोटोची परवानगी आधी लेखी घ्या.

दुय्यम साधनांबद्दल दोन सावधगिऱ्या. इतिहासकार फरिश्ता विजापुरातच लिहीत होता, पण बहुतेक जण त्याला ब्रिग्जच्या १८२९ च्या इंग्रजी भाषांतरातून वाचतात, आणि ब्रिग्जनं बराच मजकूर गाळला, आवळला आहे. पहिल्या इब्राहिम आदिलशहानं हिशोब फारसीऐवजी 'हिंदवी'त आणले, हे वाक्य आपल्याकडे सरसकट 'मराठीत आणले' असं उद्धृत होतं. मूळ शब्द द्या, अर्थ नंतर लावा. आणि 'बसातीन-उस-सलातीन' विजापूरचा इतिहास म्हणून कितीही हाताशी असला तरी एकोणिसाव्या शतकातलं संकलन आहे. त्याला समकालीन साक्षीदार म्हणून उभं केलंत तर परीक्षक तिथंच पेन्सिल टेकवेल.

घराघरांतले कागद पाहायला जाल तेव्हा लोक आधी बिचकतील, आणि त्यांचं चुकत नाही. इनामाचा कागद म्हणजे जमिनीचा दावा, वक्फचा वाद, भाऊबंदकी. कागद त्यांच्या दारातून बाहेर न्यायचा नाही. शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो, शिक्क्याचा वेगळा फोटो, बाजूनं तिरका उजेड टाकून, म्हणजे उठाव दिसतो. छापायची परवानगी दोन ओळींत लिहून घ्यायची, नाव छापायचं की नाही तेही. 'जमीन आमचीच ना?' असं विचारलं तर मत द्यायचं नाही, एका शब्दानंही नाही. वाचन करून त्याची एक स्वच्छ प्रत मात्र त्यांना द्यायची. दुसरं घर त्या प्रतीमुळेच उघडतं.

आता प्रवेश. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम पाहा. पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, तुमचे ५७ आहेत, तो प्रश्न मिटला. मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं, वर दोन वर्षं वाढ, स्त्रियांना आणखी दोन. कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी चालते, पण शाळेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि त्यात संशोधनाला वेळ देता येईल असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं 'हरकत नाही' पुरत नाही. नेट वर्षातून दोनदा होते. २०२४ च्या जूनपासून त्याच परीक्षेतून फक्त पीएचडी प्रवेशासाठीही पात्रता मिळते. त्या वाटेनं प्रवेश घेताना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप, मिळाली तर दरमहा ३७ हजार, पण वयाची अट सर्वसाधारण गटाला ३० आहे, स्त्रियांना त्यात पाच वर्षांची सवलत, आणि शाळेचा पगार व फेलोशिप एकत्र घेता येत नाही. तुम्ही २७ च्या आहात, तेव्हा वयाची घाई नाही, पण पहिल्या दोन प्रयत्नांना नीट वेळ द्या. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. ती आहे असं धरून घरचा हिशोब मांडू नका.

विभाग कोणता? इस्लामिक स्टडीज अलिगढ, जामिया, हैदराबादच्या मौलाना आझाद उर्दू विद्यापीठात आहे, पण तुमच्या विषयाला इतिहास विभागच योग्य. धारवाड, बेळगाव, कोल्हापूर तिन्ही आवाक्यात आहेत. प्रबंधाची भाषा अर्ज भरण्याआधी विचारा. महाराष्ट्रात इतिहासाचा प्रबंध मराठीत चालतो, पण मराठी, फारसी आणि फिकह तिन्ही कळणारे परीक्षक शोधणं तुमच्या मार्गदर्शकाला जड जाईल. इंग्रजीत लिहिणं झेपत असेल तर इंग्रजीत लिहा, आणि मराठीत लेख करा. कोल्हापूर निवडलंत तर महाराष्ट्रानं दावा केलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीची सवलत पीएचडीला लागू आहे का, हे प्रवेश विभागाकडून लेखी घ्या. कर्नाटकाचं प्रवर्गाचं प्रमाणपत्र महाराष्ट्रात चालत नाही, आणि नेटला केंद्राच्या नमुन्यातलं लागतं.

मार्गदर्शकाला पहिलं पत्र लिहाल तेव्हा चरित्र नको. एक पान: विषय, तीन प्रश्न, वाचून झालेल्या पाच कागदांची यादी, आणि त्यातल्या एकाचं संपूर्ण वाचन जोडलेलं. जागा आहे का, हे विचारा. प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार विद्यार्थ्यांची मर्यादा असते. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही, हे आडून नाही, सरळ विचारा. फारसी न येणारा मार्गदर्शक चालेल, पण मग फारसी येणारा सहमार्गदर्शक पहिल्याच दिवशी कागदोपत्री लावून घ्या. तिसऱ्या वर्षी तो मिळत नाही.

मामांच्या कागदाचा फोटो निघाला की पहिल्यांदा मोडी बाजूच्या तारखेची ओळ उतरवून काढा. 'सु॥' (सुहूर) अशी खूण दिसली की त्यापुढचे दोन-तीन शब्द. बाकीचं नंतर.